मुद्दाम केलेल्या चुका

आई : ...आणि तिसरी गोष्ट, यांना आकडे येत नाहीत. एक, दोन, पाच. लेकीनं काल घरी बोटांवर मोजून दाखवलं मला, काका कसे चुकतात ते.

मोठ्या बाई : गोंधळकाका, ऐकताय ना? की खिडकीबाहेरच लक्ष आहे?

काका : ऐकतोय बाई. एक, दोन, पाच बरोबर आहे. मंगळवारी तर मी दोनवरून थेट सातावर गेलो होतो, ते ताईंपर्यंत पोचलेलं दिसत नाही.

आई : हे बघा, वर हसतायत. मोठ्या बाई, दोन महिने झाले माझी मुलगी तुमच्या बालवाडीत येतेय. रोज नवीन ऐकते मी. काका हातात बूट घालतात. काका म्हणतात गाय म्याव म्याव करते. फडकं डोक्यावर ठेवून तेच फडकं खोलीभर शोधत फिरतात. चार वर्षांच्या पोरीला कळतं ते यांना कळत नाही. मी अर्ज लिहून आणलाय. तिचं नाव काढून टाका.

मोठ्या बाई : अर्ज राहू दे टेबलावर. काका, सांगा आता तुम्हीच. मला सांगितलं होतं तसं सांगा, सोंगं नकोत.

काका : ताई, सकाळी नऊला इथं बारा पोरं येतात, त्यातली पाच भोकाड पसरून. रडू नको म्हटलं की त्यांना आणखी चेव येतो. मग मी हातात बूट घालतो आणि दाराची कडी काढायला जातो. कडी काही निघत नाही. रडणारा थांबतो, नाक वर ओढतो आणि मला सांगतो, अहो, बूट पायात घालायचा. झालं की काम. ज्याला एवढा मोठा बाप्या शिकवायचा आहे, त्याला रडायला फुरसत कुठली?

आई : आणि चुकीचंच डोक्यात बसलं तर? मी औषधांच्या दुकानात काम करते. माझ्याकडे चूक म्हणजे गंमत नसते. एका गोळीच्या जागी दुसरी गेली, तर माणूस जातो. घरीही तेच शिकवते मी तिला. एकदाच कर, पण नीट कर.

काका : बरोबर आहे तुमचं. कात्री, गरम पाणी, रस्ता आणि औषध, यात मीही गंमत करत नाही. कुणाला लागलं असेल तर मुळीच नाही. माझा आवाज बदलला की पोरांना कळतं, आता हसायचं नाही. बाकी मोकळं रान.

मोठ्या बाई : हे खरं आहे. मी सहा महिने भिंतीला कान लावून खात्री केलीय.

आई : पण दोन महिने ती इथं एक शब्द बोलत नव्हती, हे तुम्हीच मला बोलावून सांगितलंत ना? मग एवढ्या माकडचेष्टांचा उपयोग काय झाला?

काका : शून्य. तिच्यापुढे माझी पार जिरली. मी उड्या मारतोय, आपटतोय, आणि ती हाताची घडी घालून बघतेय. कामगार टंगळमंगळ करतोय हे ओळखलेल्या मुकादमासारखी. मी तिला मुकादमच म्हणतो. बाकीची पोरं फसली, ही फसली नाही. हा बाबा नाटक करतोय हे तिला पहिल्याच दिवशी समजलं.

आई : मग बोलली कधी?



काका : सोमवारी. तेव्हा मी खराच चुकलो. पोरांनी काढलेली चित्रं वाळत ठेवली होती. मला वाटलं रद्दी. रंगाच्या वाट्या धुतल्या आणि ओल्याच त्या कागदांवर पालथ्या घातल्या. बाराच्या बारा चित्रांचा चिखल. पोरांना वाटलं काकांची रोजची गंमत, सगळी खो-खो हसायला लागली. ही गंमत नाही, हे कसं सांगावं तेच मला सुचेना. तोंडावर पाणी मारायला नळाकडे गेलो, तर मागून कुणीतरी शर्ट ओढला. बघतो तर मुकादम. म्हणाली, होतं असं. सावकाश करा, मी थांबते.

आई : परत सांगा.

काका : होतं असं. सावकाश करा, मी थांबते. अगदी मोठ्या माणसासारखं.

आई : ते माझं वाक्य आहे.

मोठ्या बाई : घरात म्हणता?

आई : घरात नाही. दुकानात. एक आजोबा येतात, डॉक्टरची चिठ्ठी दरवेळी विसरतात आणि मग ओशाळून सगळे खिसे चाचपत राहतात. त्यांना म्हणते मी. ती संध्याकाळी काउंटरमागे स्टुलावर बसलेली असते. मला वाटायचं, रंगवत बसलीय. म्हणजे गिऱ्हाइकाला मी असं म्हणते, आणि तिला...

मोठ्या बाई : पाणी घ्या थोडं.

आई : नको. तो अर्ज द्या इकडे. काका, मला जमेल का हो तुमच्यासारखं? बूट वगैरे?

काका : अजिबात करू नका. एका नजरेत पकडेल तुम्हाला. तुमच्या खऱ्याच चुका तेवढ्या लपवू नका. त्या होत असतीलच की.

आई : माझ्या सहसा होत नाहीत.

काका : काल तिचा स्वेटर उलटा होता.

आई : काहीतरीच. मीच तर घातला होता, सकाळच्या गडबडीत. मग तुम्ही सांगितलं नाही तिला?

काका : सांगितलं की. म्हटलं, मुकादम, शिवण बाहेर आलीय, सुलटा करून देऊ? तर दोन्ही हातांनी पोटाशी घट्ट धरला तिनं. म्हणाली, नको, आईनं घातलाय.

मोठ्या बाई : आणि दिवसभर तसाच ठेवला. कुणाला हात लावू दिला नाही.

आई : घरी येऊनही स्वेटरचं बोलली नाही काही. किती वेळ आहे सुटायला?

मोठ्या बाई : दहा मिनिटं.

आई : मग थांबते मी. तिला सांगायचंय, तो उलटा होता म्हणून.