काळजाच्या सळ्यांचा वास

(पेरूमधलं चिंबोते बंदर. बोटी दुरुस्त करायच्या आवारात, किनाऱ्यावर ओढून घेतलेल्या एका मासेमारी बोटीची सावली. दुपारचे बारा वाजून गेलेत. तेओफिलो हा वाळूच्या माऱ्याने लोखंडावरचा गंज उडवणारा; सातुर्निनो बाहेर उभा राहून त्याचा कॉम्प्रेसर आणि हवेच्या नळ्या सांभाळणारा. दोघांची मैत्री पंचवीस वर्षांची.)

सातुर्निनो : आतच हेल्मेट काढलंस. मी माझ्या डोळ्यांनी बघितलं, नाही म्हणू नकोस.

तेओफिलो : नाही कुठे म्हणतोय. पाणी दे.

सातुर्निनो : हळू पी. इतकी वर्षं तू दुसऱ्यांच्या कानीकपाळी ओरडत आलास, की नोझल बंद झालं तरी धूळ खाली बसेपर्यंत, बाहेर येईपर्यंत हेल्मेटला हात लावायचा नाही. डोळ्यांना दिसते ती धूळ बरी, न दिसणारीच छातीत घर करते. कोणाचे शब्द हे? आणि आज तूच बोटीच्या पोटातल्या त्या अंधाऱ्या खणात उघड्या तोंडाने उभा.

तेओफिलो : उभा नव्हतो. गुडघ्यांवर होतो.

सातुर्निनो : म्हणजे पडलास?

तेओफिलो : बसलो. पायांत जोरच राहिला नाही. मळमळायला लागलं. हेल्मेटमध्ये ओकलो असतो तर पुढचं काही दिसलं असतं का मला?

सातुर्निनो : हजारो वेळा हेल्मेट घालून आत गेला असशील. कधी असं झालं नाही. ओठ बघ कसे झालेत तुझे. इथेच वाऱ्यावर बस, उठू नकोस. दवाखान्याची गाडी बोलावलीय मी.

तेओफिलो : कोणी सांगितलं होतं बोलवायला?

सातुर्निनो : माझ्या अकलेने.

तेओफिलो : परत पाठव. ऐक माझं. डॉक्टर नाडी धरणार, वय विचारणार. चोपन्न म्हटलं की शिक्का मारणार, आत जायला लायक नाही. मग उद्यापासून माझ्या हातात झाडू. आणि सान पेद्रोच्या सणाला दहा दिवस राहिलेत. यंदा देवाची मूर्ती समुद्रात न्यायचा मान ह्या बोटीला मिळालाय. पुढचा खण अजून गंजलेला आहे. रंग कधी बसायचा?

सातुर्निनो : देव काय, दुसऱ्या बोटीत बसेल. त्याला सवय आहे. तू मेलास तर माझ्या पोरीला, नेलिदाला, दुसरा धर्मबाप कुठून आणू? खरं सांग, हे आजचंच आहे?

तेओफिलो : ...गेल्या मंगळवारपासून.

सातुर्निनो : आज बुधवार. आठ दिवस. आणि मला एका शब्दाने बोलला नाहीस.

तेओफिलो : काय बोलायचं? साडेअकराच्या सुमाराला डोकं धरतं. कानशिलात ठोके पडतात. संध्याकाळी घरी जाईपर्यंत उतरतं. म्हटलं, म्हातारपण असंच येत असेल, दबक्या पावलांनी.

सातुर्निनो : रविवारी दुखलं होतं?

तेओफिलो : रविवारी नाही.

सातुर्निनो : रविवारी तर नेलिदाच्या बाळाच्या बारशाला तू पहाटेपर्यंत नाचत होतास. बायका दमल्या, तू नाही दमलास. हे कसलं म्हातारपण, जे फक्त कामाच्या दिवशी येतं आणि तेही घड्याळ बघून?

तेओफिलो : भुकेनेही असेल. सकाळी नुसता एक पाव खातो. आणि आत काम करताना तो वास आला की भूक आणखी खवळते.

सातुर्निनो : कसला वास?

तेओफिलो : आता कसला म्हणजे. आवारात जेवण विकणाऱ्या एर्मेलिंदाबाईंच्या काळजाच्या सळ्यांचा. सळीवर ओवलेलं गाईचं काळीज, जिरं, लाल मिरची, लसूण, आणि निखाऱ्यावर चरबी टपकते ना, तो. साडेदहा-अकरा वाजले की येतो. मला आत घड्याळ लागत नाही हल्ली.

सातुर्निनो : थांब. परत सांग. कुठे येतो वास?

तेओफिलो : आत. हेल्मेटमध्ये.

सातुर्निनो : तू बोटीच्या पोटात. चारी बाजूंनी लोखंड. डोक्यावर बंद हेल्मेट, मानेपर्यंत झालर. बाहेरचा एक कण आत येऊ नये म्हणून तर ते घालायचं. मग वास येतो कुठून?

तेओफिलो : नळीतून येत असेल.

सातुर्निनो : नळीत हवा कोण सोडतं?

तेओफिलो : कॉम्प्रेसर. शाळेतल्या पोरासारखं काय विचारतोस मला?

सातुर्निनो : आणि कॉम्प्रेसर हवा कुठून ओढतो? मान वळव आणि बघ. त्याचं तोंड कुठे आहे आणि बाईंची शेगडी कुठे आहे. दोन हात अंतर नाही.

तेओफिलो : ...मधे गाळणी आहे.

सातुर्निनो : गाळणी तेल अडवते, पाणी अडवते, धूळ अडवते. कोळशाचा वायू अडवत नाही. त्या वायूला स्वतःचा वास नसतो, तेओफिलो. तुला सळ्यांचा वास आला हे नशीब. तो वास घेत घेत तू आठ दिवस विष पीत होतास.

तेओफिलो : शेगडी उघड्यावर आहे. एवढ्याशा धुराने काय होतं?

सातुर्निनो : उघड्यावर माणसाला काही होत नाही, मी बघ ना, तिथेच उभा असतो तरी ठणठणीत. वारा घेऊन जातो. पण कॉम्प्रेसर वाऱ्याची वाट बघत नाही, तोंडापाशी येईल ते ओढतो आणि तुझ्या नाकापर्यंत पोचवतो. ...अरे देवा.

तेओफिलो : आता काय?

सातुर्निनो : तो डबा. पिवळा. हवा खराब झाली की ओरडतो तो.

तेओफिलो : त्याचं काय?

सातुर्निनो : गेल्या मंगळवारी अकरा वाजता ओरडायला लागला. थांबेचना. मला वाटलं, खाऱ्या वाऱ्याने बिघडला, ह्या बंदरात काय टिकतं? बुधवारी परत. गुरुवारी मी वैतागून त्याची वायर काढली. म्हटलं, सण झाला की दुरुस्तीला टाकू. माझ्या हाताने काढली. तो बिचारा बोंबलून सांगत होता, तुझा माणूस आत मरतोय, आणि मी त्याचंच तोंड दाबलं.

तेओफिलो : सातुर्निनो.

सातुर्निनो : नको. समजूत घालू नकोस माझी. एक माणूस आत असतो म्हणून दुसरा बाहेर उभा करतात. माझं काम एवढंच होतं.

तेओफिलो : कॉम्प्रेसर कोणी हलवला?

सातुर्निनो : तू हलवलास, गेल्या मंगळवारी सकाळीच. म्हणालास, समुद्राकडून खारा फवारा येतो, भिंतीच्या आडोशाला घेऊ. क्रेनवाल्याला सिगारेटी देऊन ओढून घेतलास.

तेओफिलो : फवाऱ्यासाठी नाही हलवला.

सातुर्निनो : मग?

तेओफिलो : दुपारचा वारा सुटला की बाईंच्या मक्याच्या कणसांवर वाळू बसायची. निखारे विझायचे. आदल्या दिवशी, सोमवारी, अर्धं मांस त्यांनी कुत्र्यांना घातलं. कॉम्प्रेसर मधे आला की वारा अडतो.

सातुर्निनो : सहाशे किलोचा कॉम्प्रेसर. एका शेगडीला आडोसा म्हणून.

तेओफिलो : हस. हसून घे.

सातुर्निनो : हसू कसलं, रडायला येतंय मला. अरे, लोक फुलं देतात. तीन वर्षं झाली तुझी बायको जाऊन, तुला कोणी अडवलं होतं का? सरळ जाऊन बोलायचं सोडून यंत्रं ढकलत बसलास.

तेओफिलो : हळू बोल. त्या येतायत. आणि हे बघ, त्यांना ह्यातलं काही कळता कामा नये. आवारात बसायला मोठ्या मुश्किलीने जागा मिळालीय त्यांना.

एर्मेलिंदा : कशातलं काय कळता कामा नये? तिसऱ्यांदा निखारे फुलवले, म्हटलं आज जेवायला आला नाहीत. बटाटे गार झाले. ...तेओफिलो, तुमच्या तोंडावर रंग नाही.

तेओफिलो : ऊन लागलं जरा.

एर्मेलिंदा : बोटीच्या पोटात ऊन? सातुर्निनो, तुम्ही बोला. ह्यांना खोटं बोलता येत नाही, कान लाल होतात.

सातुर्निनो : बाई, मी सांगतो, पण आधी एक ऐका. चूक तुमची नाही. कॉम्प्रेसर ह्याने तुमच्या शेगडीशेजारी आणला. धोक्याची घंटा मी बंद केली. शेगडीचा धूर कॉम्प्रेसर ओढत होता आणि ह्याच्या हेल्मेटमध्ये सोडत होता. आठ दिवस. आज आत पडला. दहा मिनिटं उशीर झाला असता तर बाहेर ओढायला माणूस नाही, मढं मिळालं असतं.

तेओफिलो : एवढं काही नाही. हा वाढवून सांगतोय.

एर्मेलिंदा : तुम्ही मला गेल्या मंगळवारी काय सांगितलंत, आठवतं?

तेओफिलो : काय सांगितलं?

एर्मेलिंदा : म्हणालात, बाई, कमाल झाली, तुमच्या सळ्यांचा वास मला आत येतो, लोखंडात एकटं वाटत नाही. असंच म्हणालात. लाजून खाली बघत होतात.

तेओफिलो : ह्याच्यासमोर कशाला ते.

एर्मेलिंदा : दुसऱ्या दिवसापासून मी अर्धा तास आधी शेगडी पेटवायला लागले. कापलेली चरबी टाकून द्यायचे, ती निखाऱ्यावर टाकायला लागले, धूर जास्त व्हावा म्हणून. हातात पुठ्ठा घेऊन तो धूर त्या यंत्राच्या तोंडाकडे हाकायचे. मुद्दाम. गिऱ्हाईक उभं असलं तरी हाकायचे. तुम्हाला आत एकटं वाटू नये म्हणून.

सातुर्निनो : बाई, तुम्हाला काय माहीत.

एर्मेलिंदा : माझ्या नवऱ्याला समुद्राने नेलं. अकरा वर्षं मी स्वतःला समजावलं, त्यात माझा हात नव्हता. हा तर माझाच हात. हा बघा, अजून पुठ्ठा आहे हातात.

तेओफिलो : टाका तो खाली. बसा. एर्मेलिंदा, बसा म्हणतो ना. मी जिवंत आहे. तुमच्या समोर बसलोय.

एर्मेलिंदा : मी उद्यापासून येणार नाही इथे.

तेओफिलो : म्हणूनच सांगू नको म्हणत होतो. सातुर्निनो, बघितलंस?

सातुर्निनो : गप्प बसा दोघं. तुमच्यापैकी एकालाही धड प्रेम करता येत नाही, एक यंत्र ढकलतो, दुसरी धूर सोडते. आता माझं ऐका. कॉम्प्रेसर आजच समुद्राकडे जातोय, तोंड वाऱ्याकडे, आसपास शेगडी नाही, गाडी नाही, सिगारेट ओढणारा माणूससुद्धा नाही. डब्याची वायर मी जोडतोय, आणि तो तपासून घेतल्याशिवाय कोणी आत जाणार नाही. इंजिनियरला सगळं मी सांगतो, वायरीसकट. काढलं कामावरून तर काढलं.

तेओफिलो : आणि बोट?

सातुर्निनो : बोटीचं नाव काढलंस तर हा पुठ्ठा मी तुझ्या डोक्यात घालीन. तू दवाखान्यात जाऊन खरं सांगायचंस. वय नाही, हवा खराब होती. आठ दिवस, रोज, अमुक वाजता. ते प्राणवायू लावतील. नुसतं डोकं दुखतं म्हणालास तर गोळी देऊन घरी पाठवतील, आणि तेव्हा खरंच म्हातारा समजतील.

तेओफिलो : सांगतो.

एर्मेलिंदा : शपथ घ्या.

तेओफिलो : शपथ. पण तुम्ही जायचं नाही. मला दहा दिवस झाडू मारायला लागला तरी चालेल, तुम्ही जायचं नाही.

एर्मेलिंदा : ...फाटकाच्या बाहेर बसेन. तिथून धूर रस्त्याकडे जातो.

तेओफिलो : तिथे वारा फार आहे.

एर्मेलिंदा : पत्रा ठोका. पत्रा ठोकता येतो ना तुम्हाला, का त्यालाही क्रेन लागते?

सातुर्निनो : आता कशी बोललात.

एर्मेलिंदा : आणि माझं एक ऐका. इतके दिवस कॉम्प्रेसरच्या मागे उभे राहून खात होतात, कोणी बघू नये म्हणून. मीही ताट लपवूनच देत होते. ते बंद. जेवायचं असेल तर बाहेर येऊन हेल्मेट उतरवायचं, धुळीचे कपडे बदलायचे, हातपाय धुवायचे आणि आवारातून चालत फाटकापर्यंत यायचं.

तेओफिलो : दुपारच्या सुट्टीत? सगळे फाटकावरच बसलेले असतात.

एर्मेलिंदा : माहीत आहे मला.

तेओफिलो : मधे बसून खायचं?

एर्मेलिंदा : चोरून काय मिळतं ते बघितलंत ना.

सातुर्निनो : गाडी आली. अरे, सगळे काम टाकून इकडेच बघायला लागले. सोबत एकालाच बसता येईल. मला इंजिनियरकडे जायचंय, कोणीतरी रंगाऱ्यांपैकी...

एर्मेलिंदा : मी बसते.

तेओफिलो : तुमची शेगडी पेटलेली आहे.

एर्मेलिंदा : पाणी ओतलं तिच्यावर येतानाच. तुमचा चेहरा लांबून दिसला होता.

तेओफिलो : सगळं आवार बघतंय, एर्मेलिंदा.

एर्मेलिंदा : माझ्या खांद्यावर हात ठेवा. पायरी उंच आहे.