पांढऱ्या झग्याचं माप

—नाही, हात खाली सोड. असे अंगाशी आवळून धरलेस तर माप चुकतं, मग पाण्यात शिवण उसवली की म्हणशील, काकूंनी घाईत उरकलं. स्टुलावर सरळ उभी राहा. आणि बोलू नकोस, बोललीस की पोट हलतं, पोट हललं की टाचणी लागते — बघ, लागली ना. काय सांगत होते मी? हां, पाळकसाहेब. ते तुला बाप्तिस्म्याच्या हौदाच्या पायरीवर थांबवतील, चर्चच्या सगळ्या मंडळीच्या देखत विचारतील, सैतानाला आणि त्याच्या सगळ्या कामांना तू सोडलंस का — आणि तू म्हणायचं, हो. संपलं. मग ते तुला पाण्यात घेतील, वर काढतील, मी टॉवेल घेऊन उभी असेनच. आणि तू म्हणे काल वाळवणीच्या खोलीत पोरींना सांगितलंस, मी नुसतं हो म्हणणार नाही, मी नाव घेणार. सैतानाची कामं कोण करतो त्याचं नाव. म्हणजे माझ्या मुलाचं.

हलू नकोस म्हटलं ना.

मी काही रागावले नाहीये. रागावले असते तर तुझा झगा हातात घेतला असता का? काठात शिशाचे तुकडे घालून दिलेत, ते नसले तर पाण्यात उतरल्यावर झगा छत्रीसारखा वर येतो आणि पोरीची लाज जाते. पोरींच्या लाजेची काळजी या मंडळीत माझ्याइतकी कुणाला आहे? विचार कुणालाही. तर नीट ऐक. माझा मुलगा इस्पितळाच्या लॉन्ड्रीत सुपरवायझर आहे, तू तिथे चादरी वाळवतेस. मोठी चादर एकट्याला घडी घालता येते का? नाही येत. दोन टोकांना दोघं लागतात, आणि प्रत्येक घडीला माणूस एकेक पाऊल जवळ येतो, शेवटच्या घडीला हाताला हात लागणारच — त्याला तो काय करणार? चादर तशी असते. दाराला कडी होती म्हणतेस. अगं, वाफ बाहेर जाऊ नये म्हणून लावली असेल. तू ओरडलीस? नाही ना ओरडलीस. मग? यंत्रांच्या आवाजात ऐकू गेलं नसतं, बरोबर, पण ओरडायचं तरी. मी आई म्हणून नाही सांगत, मी विश्वासातली बाई म्हणून सांगते, सकाळी घरातून निघताना प्रार्थनेचं चिलखत चढवलं असतंस तर त्याचा हात तुझ्यापर्यंत पोचलाच नसता. हात लागला म्हणजे कुठेतरी फट होती. ती फट बघ आधी. दुसऱ्याच्या मुलाकडे बोट मग दाखव.

काय? पुन्हा बोल, माझ्या तोंडात टाचण्या आहेत, नीट ऐकू आलं नाही. — प्रार्थना केलीस? तिथे, त्या खोलीत? बरं. आणि काय मिळालं? बळ. कसलं बळ? बोलायचं बळ मिळालं तुला. कमाल आहे बाई. देवाकडे बळ मागायचं ते सोसायला, बोलायला नाही. बोलायला बळ कशाला लागतं, भाजीबाजारात सगळ्या बोलतात. शिकलीस ना कॉलेजात, त्याचा हा परिणाम — दोन बुकं वाचली की पोरींना वाटतं देव आपल्याशी थेट बोलतो, मधल्या मोठ्या माणसांची गरजच नाही.

इकडे वळ. खांदा जरा ढिला सोड.

ती इस्त्रीवाली बुटकी माहीत आहे ना? तीही याच स्टुलावर उभी होती. रडत होती. मी म्हटलं, ते पाणी वाया घालवू नकोस, हौद भरायला उपयोगी पडेल — हसली बिचारी. गेली, हो म्हणाली, बुडाली, वर आली. आता पहिल्या रांगेत बसते, तोंडातून शब्द नाही. तिच्या आधी ती लांब वेणीची होती, तिचंही असंच, चादर, कडी, सगळं हेच. तिलाही मीच समजावलं. म्हणजे त्या खरं बोलत होत्या असं नाही म्हणत मी. खोटं बोलत होत्या असंही नाही. तू मला शब्दात पकडू नकोस, तुला काय वाटतं, मी माझ्या मुलाला ओळखत नाही? माझी सून आली होती गाल दाखवायला. मी म्हटलं, गाल नको दाखवू, गुडघे टेक. टेकले तिनं, रोज टेकायची, माझ्याच शेजारी, आणि एका सकाळी बाळाला घेऊन गेली. लग्नाचा झगा मागे ठेवून गेली, मीच शिवलेला. मी त्यालाही तेव्हा म्हटलं, अरे, घरातली तरी सोड — जाऊ दे. तो विषय नाहीये.

काय विचारलंस? मी त्या पायरीवर उभी होते तेव्हा मी काय म्हणाले? मी हो म्हणाले. सगळेच हो म्हणतात. तो प्रश्न उत्तर द्यायला नसतो गं, तो म्हणायला असतो. सैतानाला सोडलं म्हणायचं, ओलं व्हायचं, कोरडं व्हायचं आणि घरी जाऊन स्वयंपाकाला लागायचं. घरी जो बसलाय तो बसलेलाच असतो. त्याला वाढायचंच असतं.

अशी बघू नकोस माझ्याकडे. कीव करतेस माझी? तू?

आणि हे काय आता — बुटकी पण उठणार? तुझ्या मागोमाग? ती स्वतः म्हणाली तसं? आणि वेणीवाली? ठरवलंय तुम्ही. माझ्या पाठीमागे ठरवलंय, आणि मी मूर्ख इथे तुझ्या पायाशी बसून काठ दुमडतेय. काढ तो झगा. काढ म्हणते. माझं कापड आहे, माझा धागा आहे, माझ्या मुलाचं वाटोळं करायला मी तुला नटवून पाठवणार नाही. टाचण्या लागतात तर लागू देत. आण इकडे. आता जा. तो लॉन्ड्रीतला मळका एप्रन अडकव आणि अशीच जा मंडळीसमोर, बघू पाळकसाहेब तुला पाण्यात घेतात का. बघू कोण विश्वास ठेवतं तुझ्यावर.

— घालतेस? खरंच घालतेस तो एप्रन?

अगं, थांब. ऐक जरा. चर्चची घंटा झाली म्हणून लगेच निघायचं असं नसतं, थोडा उशीर चालतो, मी पाळकसाहेबांना निरोप देते, पोरीला बरं नाही म्हणून. तो दुसऱ्या रांगेत बसलाय गं. मीच म्हटलं होतं, ये आज, चांगला दिसशील. सकाळी त्याचा शर्ट इस्त्री केला मी.

जा मग. जा. दार लावून घे. नीट लाव, फट ठेवू नकोस, इथे चर्चमधलं सगळं ऐकू येतं.