पाय लागलेलं वाद्य

वैष्णवी : पाण्यात बुडवलं होतं, का नुसतं वरून ओतलं? बाबा, मी काय विचारून राहिले?

शेषराव : बुडवलं न्हाई. हौदापाशी नांगर, कुळव, विळे, समदे धुवायला काढले व्हते. त्याच्यातच तुझं व्हायलीन ठेवलं. तांब्यानं पाणी घातलं, गोमूत्र शिंपडलं. मंग उन्हात वाळू घातलं.

वैष्णवी : उन्हात.

शेषराव : वलं कसं मांडावं देवापुढं?

जनकाबाई : खंडेनवमीला घरातलं समदं अवजार धुतेत, बाई. सकाळी नांदेडला निघताना तूच म्हणलीस, आई, माझं वाद्य पूजेत मांडा.

वैष्णवी : मांडा म्हणले होते. हळदीकुंकू लावा, फूल वाहा. गुरुजी गेले तरी परदेशी जायच्या आधी गुरुमाईंच्या पाया पडावं म्हणून गेले, अन् येऊन बघते तर हे. हे बघ, आई. वरची फळी सुटली. आत बोट जातंय माझं.

शेषराव : बाळापूरच्या सुताराकडं नेतो. आत्ता नेतो गाडीवर. रातीतून चिटकवून दील.

वैष्णवी : सुताराचं काम न्हाई ते. ही लाकडं सरसानं जोडलेली असतेत. पाण्यानं सरस सुटला अन् उन्हानं फळी वाकडी झाली. मुंबईला एक कारागीर आहेत, त्यांनाच जमलं तर जमलं. महिनाभर तरी लागंल. माझं विमान परवा आहे.

जनकाबाई : मंग दुसरं घे की एखादं.

वैष्णवी : कुठलं घेऊ? नांदेडच्या दुकानातलं, लहानपणी शिकले ते? त्याचा आवाज तिसऱ्या रांगेपर्यंत पोचायचा न्हाई. जर्मनीतला केवढा मोठा हॉल, माझ्या मागं त्यांचा सगळा वाद्यवृंद. सिंगापूरला वाजवलं, लंडनला वाजवलं, पण ते आपल्याच लोकांपुढं. हे पहिल्यांदा त्यांच्या लोकांपुढं आहे. हे जमलं तर पुढच्या वर्षी गावोगावी बोलावणार आहेत. अन् गुरुजी असते तर त्यांचं मागून घेतलं असतं. त्यांचंच तर हे होतं. मरायच्या आधी माझ्या हातात दिलं.

जनकाबाई : सांगा की आता तिला. दरसाली नुसतं फूल वाहत व्हते. आवंदाच काहून धुतलं, सांगा.

शेषराव : काय सांगू.

जनकाबाई : मी सांगते. सटवाजीमामानं पारावर तुझा व्हिडिओ लावला व्हता. समद्यांनी बघितला. अन् मामा म्हणले, पोरगी जगात गाजली खरी, पर सरस्वतीला पाय लावून बसती. तवापासून ह्यांना जेवण ग्वाड लागंना.

शेषराव : खोटं न्हवतं ना ते. तू मांडी घालून बसती अन् त्याचं टोक सरळ पायावर टेकवती. आमी नांगराला चुकून पाय लागला तर हात लावून पाया पडतो. तू परमुलखात चालली. मला वाटलं, तिथं काही वाईट झालं तर कुणाला सांगंल पोरगी? धुतलं म्हंजी दोष निघून जाईल.

वैष्णवी : आपल्याकडं बसून वाजवायचं तर तसंच धरतेत, बाबा. एक बाजू छातीला अन् टोक पायावर. गुरुजींनी पहिल्या दिवशी तेच शिकवलं. अन् पायावर घ्यायच्या आधी मी त्याला कपाळ टेकवते. रोज. ते व्हिडिओत कुणी दाखवत न्हाई.

शेषराव : मला ठाऊक न्हवतं.

वैष्णवी : मग विचारायचं की मला.

शेषराव : तुला विचारायची भीड वाटती आता. फोनवर तू इंग्रजीत बोलून राहिली की मी उठून गोठ्यात जातो.

वैष्णवी : बाबा...

शेषराव : बोल तू. चुकलोच मी.

वैष्णवी : मी त्यांना कळवते, हात मोडला. पडले म्हणते. हात मोडला म्हणलं की कुणी काही विचारत न्हाई. कधीतरी परत बोलावतील.

जनकाबाई : धडधाकट हाताला मोडला म्हणू नको गं. सणासुदीचं असं तोंडातून काढू नये.

शेषराव : खरं सांग त्यांना. बापानं पाण्यानं धुतलं म्हण. ते मोठे लोकं हेत, काही तरी रस्ता काढतील.

वैष्णवी : ते न्हाई सांगणार मी.

शेषराव : काहून?

वैष्णवी : हसतील. तिथं एकाला कळलं की सगळीकडं होतं. तुमचा फोटो मागतील, नांगराजवळ उभं करून. माझ्या बापाला कुणी हसावं म्हणून मी वाजवायला शिकले का?

शेषराव : हसू दे. माझं काय जाऊन राहिलं? पहाटेच्या एसटीनं तुला नांदेडला नेत व्हतो, तवा आख्खं गाव हसत व्हतं. पोरीला बँडात घालायचं का, म्हणायचे. मेलो का मी? माझ्या लाजेपायी तुझं सोडू नको, वैष्णवी. हात जोडतो. लाव फोन. माझ्याम्होरं लाव.

(वैष्णवी जर्मनीत कार्यक्रम ठरवणाऱ्या बाईंना फोन लावते. बराच वेळ इंग्रजीत बोलते. शेषराव या वेळी गोठ्यात जात नाही.)

जनकाबाई : काय म्हणली ती बाई? हसली का?

वैष्णवी : न्हाई. उलट विचारलं, वडील कसे आहेत. वाद्य आम्ही देतो म्हणते. एका माणसाकडं आहे, त्याच्या पणजोबापासूनचं.

जनकाबाई : मंग झालं की, बाई. देवच पावला.

वैष्णवी : झालं न्हाई, आई. उभं राहून, हनुवटीखाली धरून वाजवावं लागंल. पायावर टेकवू देणार न्हाईत. मी तसं जन्मात वाजवलं न्हाई. आपला राग त्या धरण्यात मला निघायचा न्हाई. बोटच सरकायचं न्हाई. उभी राहिले तर शिकाऊ पोरीसारखी वाजवीन सगळ्यांपुढं.

शेषराव : म्हंजी त्यांनाबी दोष लागतो का पायाचा?

वैष्णवी : दोष न्हाई. जुनं लाकूड आहे, पायाचा घाम लागंल, खराब होईल म्हणून मालक भितो. बाई त्याला दुसऱ्या फोनवर विचारून राहिली. तो न्हाई म्हणला की संपलं. थांब म्हणली, मी थांबलेय.

शेषराव : म्हंजी फोन चालूच हे?

वैष्णवी : चालूच आहे.

शेषराव : मंग सांग तिला. पाय चांगला धुऊन, धडप्यानं पुसून बसंल म्हणावं पोरगी. अन् त्या मालकाला सांगा म्हणावं, लागू द्या पाय. तिच्या बापाची काही हरकत न्हाई.