जरा आवळून द्या

नाही हो, तो नका घेऊ — देखणा आहे, मान्य, पण दिसतं तसं नसतं. खिशात टाकून त्या स्टुलावर बसा बघू — बसा, संकोच कसला — रुतला ना मांडीला? रोज वागवायचा चाकू म्हणजे खिशात आहे हेच विसरायला हवं. हा घ्या. हलका, कडा गोल, पातं चार बोटांपलीकडे नाही. आता उघडा — अंहं, दोन हातांनी नाही! एका हातानं, अंगठ्यानं. डावा हात पाठीशी. हसू नका, सांगतो तसं करा.

काय म्हणालात? सैल वाटतो? जरा आवळून देऊ?

नाही देणार. — रागावलो नाही हो, आवाजच तसा आहे माझा. आमचे जावई लाकडाच्या वखारीत होते, दोरानं ओंडके ओढायचं यंत्र असतं ना, त्यावर. लग्नात चाकू मीच दिलेला, माझ्या हातचा, अंगठा लावला की उघडायचा. एकदा खिशातच उघडला — विजारीला भोक, मांडीला ओरखडा. मुलगी घेऊन आली, बाबा, किती विजारी शिवू मी, जरा आवळून द्या. जरा म्हणाली हं ती. स्क्रूला पाव फेरा पुरला असता. पण मी पडलो चाळीस वर्षं मुरलेला कारागीर, माझ्या कामाची पुन्हा तक्रार? मारला पुरा फेरा. मग बसला खिशात गपगार, दोघं खूश, मीही खूश.

पंधरा दिवसांनी त्यांच्या डाव्या मनगटाला दोर अडकला. यंत्र बंद करेपर्यंत — जाऊ दे. मुकादमानं चाकू मला आणून दिला. पातं एवढंसं बाहेर आलेलं, एवढंसं, आणि अंगठ्याचं नख उखडलेलं होतं म्हणाला. म्हणजे वेळ मिळाला होता हो त्यांना! चाकू काढण्याइतका वेळ मिळाला होता!

मुलीला काय सांगितलं? सांगितलं, चाकू खिशातच होता, हात पोचलाच नाही. पातं मिटवून दिला तिच्याकडे. तीन वर्षं नुसता जवळ बाळगते, उघडत नाही. आत धार लावत बसलीय — धारेच्या चाकाच्या आवाजात तिला कुठलं ऐकू येतंय. परवा म्हणते, बाबा, निदान त्यांना काही कळायच्या आत संपलं. मी हो म्हणालो. काय म्हणणार? त्या एका समजुतीवर दोन घास जेवते पोर. मला मात्र घास उतरत नाही. आणि हे तुम्हाला कशाला सांगतोय मी, ओळख ना पाळख — ओळखीच्याला सांगायची छातीच होत नाही, म्हणून.

तर हा सैलच न्या, मधूनमधून तेलाचा थेंब —

अगं... तू बाहेर कधी आलीस?

साहेब, तुम्ही निघा आता. निघा म्हणतो ना! — पोरी, ठेव तो त्यांचा चाकू खाली. अंगठ्यानं नाही उघडायचा तो. नको ना गं, लागेल तुला.