मिलिमीटरचा प्रश्न

...आणि वर मलाच सांगते, "काका, घाबरू नका, मिलिमीटरचा प्रश्न आहे." तुम्हाला सांगतो, घर माझं, तळमजला माझा, खालून मेट्रोचा बोगदा खणणारं अजस्र यंत्र जाणार, आणि मी घाबरायचं नाही? ही इंजिनिअर मुलगी स्वयंपाकघरात आली, भिंतीवरच्या भेगेवर मोजपट्टी चिकटवली आणि विचारते कशी, "पलीकडे कोण राहतं?"

आता काय सांगू? पलीकडे माझा सख्खा भाऊ. दादा. अकरा वर्षं अबोला! कारण काय, तर खिळा. त्यानं त्याच्या बाजूनं ठोकला, तो माझ्या बाजूनं बाहेर आला. मी बोललो, तो बोलला, मग कोणीच बोललं नाही.

तर नोटीस आली, यंत्र खालून जाईपर्यंत दोन दिवस घर रिकामं करा. हॉटेलात सोय केलेली. आडनाव एक, घर नंबर एक, म्हणून कागदावर आम्ही एकच कुटुंब! बायका एका खोलीत, आम्ही दोघं दुसऱ्या. आमची ही आणि वहिनी इतक्या मोकळ्या बोलत होत्या की विचारलंच, तर म्हणे, "आम्ही रोज गच्चीवर बोलतो." अकरा वर्षं! मला पत्ता नाही!

खोलीत दादा छताकडे बघतोय, मी खिडकीकडे. इंजिनिअर बाईंचा फोन येतो... "काका, भेग एक मिलिमीटर झालीय." संध्याकाळी, "दोन. मिलिमीटरचा प्रश्न आहे, काका." अहो, पण भिंत माझी आहे ना! दुसऱ्या दिवशी पुन्हा फोन आला, ऐकून ठेवला.

दादानं विचारलं, "किती?"

"चार."

दादा पुन्हा छताकडे बघायला लागला. मग म्हणाला, "बाबांनी स्वतः उभं राहून बांधून घेतलीय. पडायची नाही."

मी आपला खिडकीतून बाहेर बघत राहिलो... काय दिसत होतं, विचारू नका.

भिंत उभी आहे हो. भेग मात्र आरपार! आणि तेव्हापासून दादा सुरू. "गोळी घेतलीस का?" "नळ टपकतोय तुझा." "टीव्हीचा आवाज कमी कर." सकाळी सहापासून! परवा भेग बुजवायला गवंडी आला, तर पलीकडचा आवाज एकदम बंद. मीच म्हणालो, "पुढच्या महिन्यात या."

आता भोगतोय. भेग चार मिलिमीटरची, पण दादा तिच्यातून अख्खा येतो.