काळजात लिहिलेला नियम

"तास झाला, ह्या माणसाचं तोंड मिटत नाही. बायको पांढरीफटक पडली अन् हा तिले नियम शिकवून राह्यला!" जळगावच्या एका प्रसूतिगृहातल्या बाकावर सुगंधाबाई आपल्या सुनेपाशी फणकारल्या. समोरच योसेफ मास्तर बायकोची समजूत घालत होते.

"मार्था, देवानं निसर्गातच नियम घालून दिलाय. ऑपरेशन करून मूल होणं बंद करणं म्हणजे त्यात ढवळाढवळ."

"चौथ्या वेळी मरता मरता वाचले. पाचवं राहिलं तर वाचणार नाही, असं डॉक्टरीणबाई म्हणाल्या. सही करा ना."

"आणि फादरांना काय तोंड दाखवू?"

आता सुगंधाबाईंना राहवलं नाही. "मास्तर, आमच्या केळीच्या बुडाशी दहा पिल्लं फुटतात. तीबी निसर्गानंच दिली ना? पण कापली नाही तं मूळ झाड खंगतं."

"माणूस झाड नाही, अक्का. माणसाला बुद्धी आहे."

"मंग वापरा की! कोणत्या पोथीत लिहिला हा नियम?"

"पोथी लागतच नाही. तो प्रत्येकाच्या काळजात लिहिलेला असतो. ख्रिस्ती असो, नसो."

"माह्याबी?"

"तुमच्याही."

"मी दुसरीतून शाळा सोडली, पण एवढं मले वाचता येतं. चार लेकरांची माय जित्ती ठेवा, असं लिहिलं आहे तिथं. तुमच्या काळजात दुसरं काही निघत असीन, तं लिहिणाऱ्याची चूक नाही, मास्तर. तुम्हालेच वाचता येत नाही."