चौदाव्या मजल्यावरचा शेजारी

नीता : बाबा, आधी बसा. बायपासला तीन महिने झालेत आणि तुम्ही चार मजले जिन्याने आलात?

हेमचंद्र : लिफ्ट वर अडकली होती, थांबवेना. नीता, थान जिवंत आहे.

नीता : कोण थान?

जाई : आजोबांचा मॉस्कोचा फ्रेंड लाह, मम्मी. माझं फेमस टॉवर्सचं प्रोजेक्ट आहे ना? त्या दोघांचा तिथला फोटो मी त्यांच्या युनिव्हर्सिटीच्या जुन्या स्टुडंट्सच्या ग्रुपवर टाकला. पप्पाच्या फेसबुकवरून.

नीता : ते ‘लाह’ शाळेतच ठेव गं. माथ्यावर तारा असलेली ती उंच इमारत?

हेमचंद्र : तीच. छत्तीस मजले. खाली जिऑलॉजी शिकायचो आणि बाजूच्या हॉस्टेलात राहायचो, चौदाव्या मजल्यावर. दोन खोल्यांत मिळून एक बाथरूम. एका खोलीत मी, दुसरीत हनोईचा थान. मला बर्फात चालायला त्याने शिकवलं. तो स्वतः एकच हिवाळा आधी आलेला.

नीता : कधी नावसुद्धा काढलं नाहीत त्यांचं.

हेमचंद्र : काय काढणार? तिसऱ्या वर्षी गरम पाण्यावरून आमचं भांडण झालं. न बोलताच मी उरल पर्वतात फील्डवर्कला गेलो. महिन्याने परतलो तर त्याची गादी गुंडाळून ठेवलेली. त्याच्या देशात युद्ध चालू होतं, घरी बोलावून घेतलं म्हणाले. पुढे कळलं, पुलावर बॉम्ब पडला, त्यात तो गेला. सत्तेचाळीस वर्षं मी तेच धरून बसलोय.

जाई : आणि आज त्यांच्या मुलीचा रिप्लाय आला. डावीकडचे माझे बाबा आहेत म्हणून. फोटो बघून तिच्या बाबांनी आजोबांचं फुल नेम सांगितलं, आडनावासकट. सहाला व्हिडिओ कॉल करणारेत.

नीता : सहाला? पाच मिनिटंच राहिली की.

हेमचंद्र : शर्ट बदलू का गं? आणि रशियन आठवेल का मला?

नीता : निळा घाला. जाई, फोन चार्जरला लाव.

(फोन वाजतो. हेमचंद्र बराच वेळ रशियनमध्ये बोलतात, मध्येच डोळे पुसतात.)

नीता : बाबा, काय म्हणतायत ते? आम्हालाही सांगा ना.

हेमचंद्र : दात गेलेत म्हणतो, ऐकू मात्र चांगलं येतं. पुलावरची बातमी खरी होती, नीता. पण गेला तो त्याचा धाकटा भाऊ. तुआन. त्याची पत्रं आली की थान मला वाचून दाखवायचा.

जाई : आणि भांडणाचं विचारलंत?

हेमचंद्र : विचारलं. त्याला ते आठवतच नाही. तो म्हणतो, निघताना तुझ्या दारावर थाप मारली होती, तू उरलला गेलायस हे विसरून.

नीता : आता ते का हसतायत?

हेमचंद्र : हनोईला ये म्हणतो. इथून साडेतीन तासांचं विमान. मी म्हटलं, मुलगी एकट्याला सोडणार नाही.

नीता : एकट्याला नाहीच सोडणार. डॉक्टर हो म्हणाले तर मी येते बरोबर. व्हिसा ऑनलाइन मिळतो, पण तीन दिवस लागतील. सांगा त्यांना.

जाई : काय म्हणाले, आजोबा?

हेमचंद्र : म्हणाला, तीन दिवस थांबतो.